उठलीच हायस तर

जाधव मॅडमांचा दिवस पहाटे चारला सुरू होतो, असं त्यांच्या वेळापत्रकात लिहिलं आहे. वेळापत्रक एक्सेलमध्ये आहे, पाच रंगांत आहे आणि त्यातला चार ते सहाचा पट्टा हिरवा आहे. हिरवा म्हणजे संशोधन. कॉलेज निळं, घर केशरी, मुलांचा अभ्यास पिवळा आणि 'स्वतःसाठी' गुलाबी. गुलाबी पट्टा आठवड्यातून एकदाच येतो, रविवारी दुपारी तीन ते साडेतीन, आणि त्याच्याही पुढे बारीक अक्षरात 'इस्त्री' असं लिहिलेलं आहे.

हे वेळापत्रक करण्यात एक अख्खी दिवाळीची सुट्टी गेली. मॅडम वाणिज्य शाखेच्या. तेरीज जुळल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. सगळी कामं मांडल्यावर दिवसाची बेरीज सत्तावीस तास येत होती. शेवटी झोपेच्या खात्यातून तीन तास वळते केले आणि दोन्ही बाजू जुळवल्या.

अडचण एकच झाली. पहाटे चारला घर झोपलेलं असतं हे त्यांनी गृहीत धरलं होतं. सासूबाईंना साडेतीनलाच जाग येते. त्या अंथरुणातच बसून हळू आवाजात देवाचं काहीतरी म्हणत असतात आणि त्यांचा एक कान बाहेर असतो. लॅपटॉपचं झाकण उघडल्याचा आवाज आला की आतून हाक येते, "वैशाली, उठलीच हायस तर वाईच पाणी ठिव तापायला."

पाणी ठेवून मॅडम परत येतात. दुसऱ्या प्रकरणातला परिच्छेद उघडतात. "उठलीच हायस तर नळ आलाय का बघ." नळ आलेला असतो. टाकी भरेपर्यंत उभं राहावं लागतं, कारण ती भरून वाहिली तर खालचे बोलतात. "उठलीच हायस तर त्या शेंगा भाजून ठिव, सकाळच्याला तुझीच घाई हुती." यात सासूबाईंचा दुष्टपणा काडीचा नाही. उलट सून पहाटे उठून एकटी बसते याची त्यांना काळजी वाटते, तिला कंपनी मिळावी म्हणून त्या बोलत असतात. पाच वाजता जाधवसाहेब कूस बदलतात. "उठलीच आहेस तर माझा गजर बंद कर. मला सहाला हाक मार." सहा वाजता हिरवा पट्टा संपतो. परिच्छेद जिथे होता तिथेच असतो, फक्त त्यातल्या 'आहे'चं 'असते' झालेलं असतं.

आमच्या कॉलेजात म्हणजे कऱ्हाडात मॅडम सहायक प्राध्यापक आहेत. सेट परीक्षा झालेली, वर्गावर पकड उत्तम, ताळेबंद शिकवायला लागल्या की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा वही उघडतात. पण 'सहायक'चं 'सहयोगी' व्हायचं तर यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीप्रमाणे पीएचडी लागते. मॅडमांनी २०२३ला नोंदणी केली. तेव्हापासून स्टाफरूममध्ये त्यांना 'कशा आहात' असं कुणी विचारलेलं नाही. 'सबमिशन कधी?' असंच विचारतात. लग्नाळू मुलीला विचारावं तसं, आणि तेवढ्याच निरागस चेहऱ्याने.

विषय त्यांनी स्वतः निवडला. 'नोकरदार विवाहित महिला आणि वेळ'. गाईड सरांनी तो बघितला आणि म्हणाले, "मॅडम, हा विषय लेखाचा झाला. प्रबंधाचा विषय वाचताना दम लागला पाहिजे." मग त्यात 'चिकित्सक अभ्यास' आला, 'सातारा जिल्हा' आला, 'विशेष संदर्भ : कऱ्हाड तालुका' आला आणि शेवटी कालखंड आला. आता तो विषय मुखपृष्ठावर चार ओळी घेतो. थोडक्यात अर्थ असा की नोकरी करणाऱ्या बाईला वेळ पुरतो का, हे मॅडम शोधत आहेत. आणि ते शोधायला त्यांना वेळ पुरत नाही. ही गोष्ट स्टाफरूममधल्या प्रत्येकाला सुचली आहे आणि प्रत्येकाने ती मॅडमांना आपण पहिलेच असल्यासारखी ऐकवली आहे. मॅडम दर वेळी हसतात. हसण्याचा वेळ वेळापत्रकात निळ्या पट्ट्यात धरलेला आहे.

आता नियम. यूजीसीने नोव्हेंबर २०२२मध्ये पीएचडीची जी नियमावली काढली ती मॅडमांना तोंडपाठ आहे. कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. पुनर्नोंदणी केली तर आणखी दोन. महिलांना त्याच्यावर आणखी दोन. म्हणजे एकूण दहा. नोकरी करत पीएचडी करता येते, फक्त मालकाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. मॅडमांच्या फाइलमध्ये संस्थेचं ना हरकत आहे. घरच्यांचं मागण्याची सोय नियमावलीत नाही, तरी त्यांनी विचारलं होतं. साहेब म्हणाले, "माझी काय हरकत?" सासूबाई म्हणाल्या, "शीक की. मी कुठं नको म्हणतीया? सैपाक करून काय बी कर."

या दहा वर्षांचा हिशोबही त्यांनी करून ठेवला आहे. २०३३ पर्यंत मुदत. मुलगी ओवी आत्ता बारावीला आहे. तोवर ती पंचविशीत येईल. तिला नोकरी लागली, लग्न झालं आणि सासर तालुक्यातच मिळालं, तर प्रश्नावलीचा एक फॉर्म घरातल्या घरात भरून मिळेल, असं त्या एकदा जेवताना बोलून गेल्या. ओवीने वरणाची वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "पूर्णपणे असहमत."

ही भाषा त्या घरात फार झिरपली आहे. रेन्सिस लिकर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली माणसाचं मत मोजायची पाच पायऱ्यांची पट्टी काढली. पूर्णपणे सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णपणे असहमत. जाधवांकडे भेंडीच्या भाजीवरचं मतसुद्धा आता या पट्टीवर येतं. धाकटा मुलगा बहुतेक असहमत असतो. सासूबाईंना पट्टी मान्य नाही, त्या थेट बोलतात. 'तटस्थ' हा पर्याय जाधवसाहेबांनी राखून ठेवला आहे. आई आणि बायको यांच्यामध्ये वीस वर्षं ते तिथेच उभे आहेत. लिकर्टला जे १९३२मध्ये सुचलं, ते साहेबांना हळद उतरायच्या आत कळलं होतं.

साहेब वीज कंपनीत आहेत. माणूस सरळ. बायकोचा प्रबंध आपण वाचला पाहिजे असं त्यांना एकदा मनापासून वाटलं आणि त्यांनी कच्चा आराखडा हातात घेतला. उघडलं ते नेमकं गृहीतकांचं पान. संशोधनात आधी एक शून्य गृहीतक मांडायचं असतं. ते खोटं पाडता आलं तर पाडायचं असतं. मॅडमांनी लिहिलं होतं : 'नोकरी व घर यांचा ताळमेळ राखताना विवाहित महिलांना कोणतीही अडचण येत नाही.' साहेबांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि समाधानाने म्हणाले, "बरोबर लिहिलंयस की. आता यात आणखी सिद्ध काय करायचं?" त्या रात्री मॅडम साडेबारापर्यंत त्यांना शून्य गृहीतक समजावून देत होत्या. साहेबांना ते समजलं की नाही माहीत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःचा डबा त्यांनी स्वतः भरला, असं सांगतात.

पीएचडी ऑनलाइन होत नाही. पण तिच्यातलं जवळजवळ सगळं ऑनलाइन होतं. कोर्सवर्क मीटवर झालं, त्यात संशोधन नीतीचा पेपर मॅडमांनी कुकरच्या साक्षीने दिला. सहा महिन्यांनी होणारी सल्लागार समितीची बैठकही मीटवर. पहिल्या बैठकीत समिती म्हणाली व्याप्ती कमी करा, दुसऱ्या बैठकीत म्हणाली व्याप्ती वाढवा, आणि दोन्ही वेळा मॅडमांनी "येस सर" म्हटलं. गाईड सरही मीटवरच भेटतात. मॅडमांना त्यांचा पंखा जास्त दिसतो आणि सर कमी. विद्यापीठात प्रत्यक्ष जावं लागतं ते दोनच कामांना, फी भरायला आणि सही आणायला. सही करणारे त्या दिवशी रजेवर असतात.

म्हणूनच 'पूर्ण ऑनलाइन डॉक्टरेट, घरबसल्या, परदेशी विद्यापीठाची' असे फोन त्यांना वरचेवर येतात. असल्या ऑनलाइन पदव्या आपल्याकडे मान्य नाहीत, हे यूजीसी आणि एआयसीटीई यांनी ऑक्टोबर २०२२मध्येच एकत्र जाहीर केलं आहे. मी असतो तर फोन ठेवला असता. मॅडमांनी मात्र पलीकडच्या मुलीला आधी ते परिपत्रक समजावलं आणि मग विचारलं, "तुम्ही विवाहित आहात का? वा. नोकरी तर करताच. राहायला कुठल्या तालुक्यात?" मुलगी नोएडाची निघाली. मॅडम हळहळल्या. मुलीनेच फोन ठेवला.

त्याहून अवघड प्रकरण आमच्या गल्लीतल्या वास्तुतज्ज्ञांचं. त्यांनी पुण्यातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये, शाल-फेटा-जेवणासह, रीतसर शुल्क भरून 'मानद डॉक्टरेट' घेतली. गेले शनिवारी, आले रविवारी, सोमवारी पाटीवर 'डॉ.' लागलं. ते मॅडमांना भेटले की सहानुभूतीने मान हलवतात. "अजून नाही झाली का तुमची?" मॅडम त्यांना काही बोलत नाहीत. मी बोलतो, पण ते इथे छापण्यासारखं नाही.

आता मॅडमांच्या प्रबंधातल्या आकड्याकडे येतो. १९७० साली क्रेजसी आणि मॉर्गन या दोन अमेरिकनांनी एक तक्ता केला. दहा लाख लोकांचा अभ्यास करायचा असेल तर किती जणांना विचारलं म्हणजे पुरे? ३८४. त्याहून जास्त असतील तर? तरीही ३८४. आपल्याकडे वाणिज्य आणि व्यवस्थापनाचे कितीतरी प्रबंध या एका आकड्यावर उभे आहेत. शेतकरी असोत, ग्राहक असोत, पतसंस्थेचे सभासद असोत, विचारलेले असतात ३८४. मॅडमांनाही तेवढ्या बायका हव्या होत्या. नोकरी करणाऱ्या, लग्न झालेल्या, कऱ्हाड तालुक्यातल्या.

पूर्वचाचणीसाठी तीस जणी लागतात. मॅडमांनी संक्रांत गाठली. हळदीकुंकवाला वाण म्हणून पेन दिलं आणि पेनाबरोबर प्रश्नावली. याहून चांगलं नियोजन मी पंचवार्षिक योजनेतही पाहिलेलं नाही. तिळगूळ तोंडात, पेन हातात, तीस जणी ओळीने बसल्या आणि अर्ध्या तासात फॉर्म भरून झाले. उत्तरांत एकवाक्यता किती आहे हे अल्फा नावाच्या आकड्याने मोजतात, ०.७ आला तरी चांगला म्हणतात. मॅडमांचा ०.९६ आला. गाईड सर पंख्याखालून पहिल्यांदा पूर्ण दिसले. "मॅडम, एक्सलंट!"

मॅडमांना मात्र झोप लागेना. त्यांनी फॉर्म पुन्हा चाळले तेव्हा उलगडा झाला. 'सासरच्या मंडळींचे सहकार्य मिळते' या विधानापुढे तीसच्या तीस जणींनी 'पूर्णपणे सहमत' वर खूण केली होती. हळदीकुंकवाला त्या आल्या होत्या सासूबरोबर, आणि सासू शेजारी बसून फॉर्म वाचत होती. मॅडमांनी तीसही फॉर्म बाद केले. गाईड सर म्हणाले, "अहो, इतका चांगला अल्फा कुणी टाकून देतं का?" मॅडम म्हणाल्या, "सर, ते सासवांचं मत आहे. माझा विषय सुना आहे." त्या दिवसापासून या बाईंबद्दल माझ्या मनात आदर आहे, आणि तो लपवायचा कसा हे या लेखात मला जमत नाहीये.

सोपे रस्ते नव्हते असं नाही. बसस्थानकामागे एक दुकान आहे. प्रबंधाचं टायपिंग, बाइंडिंग, सोनेरी अक्षरं, आणि हळू आवाजात बाकी सगळंच. तिथला मुलगा एसपीएसएसवर आकडेमोड करून देतो. मॅडम चौकशीला गेल्या तर तो म्हणाला, "मॅडम, फॉर्म कशाला भरून घेताय? उत्तर काय यायला पायजे तेवढं सांगा. पी व्हॅल्यू किती ठेवू?" मॅडम तिथून उठल्या आणि यूट्यूबवर बघून स्वतः एसपीएसएस शिकल्या. पहिल्या प्रकरणाचंही तसंच. साहित्यचोरी तपासणीत साम्य दहा टक्क्यांच्या आत हवं. त्यांनी सुरुवात लिहिली होती, 'भारतीय संस्कृतीत स्त्रीला मानाचे स्थान आहे.' मग शोधगंगेवर इतरांचे प्रबंध उघडून बघितले तर ज्याच्या त्याच्या पहिल्या पानावर स्त्रीला तेच स्थान. मॅडमांनी ते वाक्य काढलं. आता प्रबंध थेट पहिल्या तक्त्याने सुरू होतो.

मग त्या एकेकीला गाठायला निघाल्या. पंचायत समिती, बँका, शाळा, दवाखाने, साताऱ्याची एसटी. एसटीत फॉर्मवरच्या खुणा चौकटीबाहेर जातात, पण बायका मोकळ्या बोलतात. एका कारकून बाईंनी आधी विचारलं, "साहेबांना दाखवणार नाही ना?" कुठल्या साहेबांना, ऑफिसच्या की घरच्या, ते मॅडमांनी विचारलं नाही. प्रश्न क्रमांक १४ असा आहे : 'आठवड्यातून स्वतःसाठी किती वेळ मिळतो?' एका नर्सने पेन थांबवून विचारलं, "रातपाळी धरायची का? पेशंट झोपले की दोन तास कुणी हाक मारत नाही." मॅडमांनी ते फॉर्मच्या मागे लिहून घेतलं. तक्त्यात त्याला रकाना नाही.

याच सुमारास त्यांनी प्रश्न क्रमांक २७ घातला. 'आपण जाग्या आहात किंवा मोकळ्या दिसता, एवढ्याच कारणाने आपल्याला दिवसातून किती वेळा काम सांगितले जाते?' पर्याय : कधीच नाही, १ ते ५ वेळा, ६ ते १० वेळा, १० पेक्षा जास्त, मोजलेले नाही. बहुतेक जणींनी शेवटच्या पर्यायावर खूण केली आणि काहींनी समोर हसरा चेहरा काढला. माझ्या मते या प्रबंधातलं खरं संशोधन हेच. वेळेच्या व्यवस्थापनावरची पुस्तकं धरून चालतात की वेळ ज्याचा त्याच्या मालकीचा असतो. बाई जागी दिसली की तिचा वेळ सार्वजनिक होतो, हे त्या पुस्तकांत नाही. कॉलेजही वेगळं नाही. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सात निकषांतला तिसरा निकष संशोधनाचा. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, तुम्ही पीएचडी करताच आहात तर तिसऱ्या निकषाची फाइल तुम्हीच बघा." म्हणजे इतरांनी न केलेल्या संशोधनाचे तक्ते मॅडम भरतात आणि त्यांचं स्वतःचं तसंच राहतं. वर भित्तिपत्रक आणि महिला तक्रार समिती. त्याही 'आहातच तर'च्या पोटी आलेल्या.

प्रश्न २७ वाचून गाईड सर गंभीर झाले. "याला संदर्भ काय?"

"सर, सासूबाई."

"प्रकाशित आहेत का?"

मॅडमांनी नियम शोधून काढला. एपीए पद्धतीत व्यक्तिगत संवादाचा उल्लेख मजकुरात करता येतो, संदर्भसूचीत मात्र घेता येत नाही. सरांना नियमापुढे बोलता आलं नाही. आता तिसऱ्या प्रकरणात, मोठमोठ्या परदेशी नावांच्या शेजारी, सासूबाई आडनाव, आद्याक्षर आणि तारखेसह बसल्या आहेत. ओवीने त्यांना ते पान वाचून दाखवलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "यात पहाटं चार कशाला लिवलंय? पाच टाक. लोक म्हणतील, म्हातारी सुनेला चारला उठवती." मॅडम म्हणाल्या, विदा बदलता येत नाही. सासूबाई जरा वेळ गप्प बसल्या. "बरं," त्या म्हणाल्या, "उठलीच हायस तर च्या तर टाक."

सध्या ३७१ फॉर्म झाले आहेत. तेरा राहिलेत. तेव्हा वाचणाऱ्यांपैकी कुणी कऱ्हाड तालुक्यात राहत असेल, नोकरी करत असेल आणि विवाहित असेल, तर कृपया आमच्या कॉलेजच्या वाणिज्य विभागात जाधव मॅडमांना भेटा. प्रश्न चाळीस आहेत, वीस मिनिटं लागतात, पेन मिळतं. सासूबाईंना घरी ठेवून या. आणि 'तटस्थ' वर खूण करू नका, मॅडमांना ते घरी पुष्कळ मिळतं.